फेट्यातली ममी

चंद्रभागाबाई शाळेच्या ओसरीवर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आमची ममी खिडकीत वाळत होती.

"हे पट्टे कोन्या कापडाचे हायेत, मास्तरीनबाई?"

"मुलींनी घरून जुनी कापडं आणली होती, त्यांचे."

"वरचे लाल पट्टे म्हणतो मी." त्यांनी बोट लावून दाखवलं, पण हात लावला नाही. "हा गोदीच्या बापाचा फेटा हाय."

गोदी म्हणजे माझ्या वर्गातली गोदावरी, चंद्रभागाबाईंची मुलगी. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, हे मला ठाऊक होतं. त्यांचा फेटा पेटीत जपून ठेवलेला आहे, हे ठाऊक नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर मुलींनी तो टराटरा फाडला होता आणि मी "पट्टे सारख्या रुंदीचे करा गं" म्हणून सूचना देत होते.

"सोडवून द्या," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आखाजीले पाहिजे मले."

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पाण्याने भरलेली मातीची घागर मांडून गेलेल्यांना जेवू घालतात. चंद्रभागाबाई त्या घागरीशेजारी नवऱ्याचा फेटा ठेवत. आखाजी पंधरवड्यावर आली होती. आणि पट्टे सुटणार नव्हते, कारण ते बाभळीच्या डिंकाने चिकटवले होते. प्राचीन इजिप्तमध्ये असाच डिंक वापरत, म्हणून मी मुद्दाम गोळा करवला होता. इतिहास बिनचूक शिकवण्याची हौस अशी अंगाशी येते.

मी तसं सांगितलं. त्यांनी पदर सारखा केला आणि निघून गेल्या. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता ही ममी आली कुठून, ते सांगते. मी अमरावतीला ट्रेनिंग घेऊन वाशीमच्या मुलींच्या शाळेत लागले, त्याला वर्ष होत आलं होतं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचा काळ. मी अजून प्रोबेशनवर होते. म्हणजे नोकरी होती, पण कमिटीने 'हो' म्हटल्याशिवाय ती पक्की नव्हती. इन्स्पेक्ट्रेसबाई पाठ पाहायला यायच्या होत्या. वरच्या वर्गाला जगाचा प्राचीन इतिहास असे, त्यातला इजिप्तचा पाठ मी निवडला. ट्रेनिंगमध्ये आमच्या डोक्यात एक गोष्ट ठोकून बसवली होती: साधनाशिवाय पाठ नाही. साधन म्हणजे चित्र, नकाशा, मातीचं काहीतरी, मुलांना हाताळता येईल असं.

पहिले दोन तास मजेत गेले. नाईल नदीला दर वर्षी पूर येई आणि लोक आनंदाने सण करत, असं मी सांगितलं, तर रिसोडकडची एक मुलगी उभी राहिली. "बाई, पैनगंगेले पूर आला तं आमी रडतो. हे लोक नाचे काहून? येडे होते काय?" मग गाळ, गाळाची जमीन आणि त्यावरचा गहू समजावण्यात तास संपला. अशा पोरी वर्गात असल्या की शिकवायला हुरूप येतो.

तिसऱ्या तासाला ममी काढली. मेलेल्याचं शरीर सुकवायचं, मसाले लावायचे आणि कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळायचं, म्हणजे ते टिकतं. आम्ही हातभर लांबीचा मातीचा बाहुला केला, आत कमट्या घातल्या. मी वर्गात सांगितलं, की ते लोक यासाठी नवं कापड आणत नसत, घरातलं वापरलेलंच फाडत. त्या मेलेल्या माणसाचं असलं तर अधिक चांगलं. उद्या येताना एकेक जुनं कापड आणा.

कुणी आईच्या लुगड्याचा तुकडा आणला, कुणी पिठाचं फडकं. गोदीने फेटा आणला. नंतर तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा ती हुंदके देत म्हणाली, "तुमीच तं म्हणल्या बाई, मेलेल्या मानसाचंच कापड चांगलं. आमच्या घरी तेवढं एकच होतं."

अख्ख्या वर्गात पाठ मनापासून ऐकला होता तो तिनेच.

बाजारात गोष्ट पोचेपर्यंत ममीचं मढं झालं होतं. मास्तरीण पोरींकडून शाळेत तिरडी बांधून घेते, असं लोक बोलू लागले. दोघातिघांनी मुलींना घरी बसवलं. मुलींची शाळा त्या दिवसांत तशीही काठावरच चालायची; लोकांना निमित्त पुरे. कमिटीचे अध्यक्ष वकीलसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळीच शाळेत हजर झाले.

"बाई, अभ्यासक्रमात राजे आहेत, पिरॅमिड आहेत. मढी कुठे आहेत?"

"पिरॅमिडच्या आत, साहेब," मी म्हणाले. जिभेला हाड नसणं हा आमच्या घराण्याचाच गुण.

हेडमिस्ट्रेस, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, जोरात खोकल्या.

"हे पहा," वकीलसाहेब म्हणाले, "एका विधवेची वस्तू फाडली गेली आहे. त्यांची तक्रार आली, तर तुमचं कन्फर्मेशन मी कमिटीपुढे कोणत्या तोंडाने ठेवू? त्यांना बोलावलं आहे. त्या म्हणतील तसं."

तेव्हा मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "साधन मी मंजूर केलं होतं. यांना घरी पाठवायचं असेल, तर माझाही राजीनामा लिहून घ्या." त्यांनी मंजूर वगैरे काही केलं नव्हतं. बाहुला पाहिलासुद्धा नव्हता. त्या खोटं बोलल्या ते माझ्यासाठी, आणि ते ऋण मी आजही मानते.

चंद्रभागाबाई आल्या. वकीलसाहेबांनी खुर्ची दिली, त्या खालीच बसल्या.

"बोला. काय तक्रार आहे तुमची?"

"तक्रार मंग सांगतो. पयले मले हे समजून सांगा, हे काय करून राह्यल्या तुमी पोरीयले घेऊन?"

मी ममी त्यांच्यापुढे ठेवली आणि जमिनीवर बसले. इन्स्पेक्शनचा पाठ तयार होता, पण त्यातलं एक वाक्य आठवेना. मग साधंच सांगितलं. हे लोक हजारो वर्षांपूर्वीचे. माणूस गेला तरी तो संपत नाही, असं मानायचे. त्याला राहायला घर हवं, म्हणून शरीर जपायचे. जवळ भाकरी ठेवायचे, पाणी ठेवायचे. सणाला घरचे लोक थडग्याशी जाऊन जेवण मांडायचे.

"आखाजीवानी?"

"आखाजीसारखंच."

त्या जरा पुढे सरकल्या. "अजून?"

"त्याचं नाव लिहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याने ते मोठ्याने वाचावं, अशी विनंतीही लिहून ठेवायचे. नाव घेणारं कुणी असेल तोवर माणूस आहे, असं समजत."

चंद्रभागाबाईंनी ममी उलटीपालटी करून पाहिली. "याच्यावर तं नाव नाई."

"हा नुसता बाहुला आहे, बाई. याला कुठलं नाव?"

"कापड तं नुसतं नाई. लिहा नाव."

मी दौत-टाक घेतला. "काय लिहू?"

आमच्याकडे बाईने नवऱ्याचं नाव घेण्याची रीत नाही. घेतलंच तर उखाण्यात, सणावारी, लाजत. आणि नवरा गेल्यावर उखाणा कुठला? वकीलसाहेबांना नाव ठाऊक होतं. ते सांगणार, एवढ्यात चंद्रभागाबाईंनी हात वर केला.

"तुमी नका सांगू साहेब. मी सांगतो."

मग त्या म्हणाल्या, "किसन." आणि पुन्हा, जरा मोठ्याने, "किसन संपत."

मी छातीवरच्या लाल पट्टीवर नाव लिहिलं. नावाभोवती लांबट गोल काढला.

"हा गोल कायले?"

"तिकडे राजाच्या नावाभोवती काढत."

त्यांनी ती अक्षरं बराच वेळ पाहिली. त्यांना वाचता येत नव्हतं. "असू द्या," त्या म्हणाल्या.

"मग तक्रार, चंद्रभागाबाई?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"फाटलं ते फाटलं, साहेब. पेटीत ठेवून कसर तं लागतच होती. हे मी घरी नेतो. अन् गोदी उद्यापासून शाळेत येईन." ममी पदराखाली घेऊन त्या गेल्यासुद्धा.

इन्स्पेक्ट्रेसबाई पुढच्या आठवड्यात आल्या. पाठ ठीक झाला. "साधन कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "पाहुणचाराला गेलं आहे." इन्स्पेक्ट्रेसबाईंनी काय समजून घेतलं, देव जाणे; शेरा वाईट नव्हता. घरी बसवलेल्या मुलीही एकेक करून परत आल्या. महिन्याभरात कमिटीने मला कायम केलं, आणि त्या नोकरीत माझा जन्म गेला.

आखाजीला मला चंद्रभागाबाईंकडून जेवणाचं बोलावणं आलं. घागरीशेजारी, आंब्याच्या पानांवर आमची ममी होती; तिच्यात इजिप्तची रीत आणि वाशीमची माती एकत्र बसली होती. निवद दाखवताना गोदीने वडिलांचं नाव मोठ्याने वाचलं, कारण आई म्हणाली, वाच. एका गावाने मला असं आपल्यात घेतलं, याचं मला आजही नवल वाटतं, आणि उपकारही.

ट्रेनिंगला साधनांवर एक अख्खा पेपर होता. जुनं कापड फाडण्याआधी ते कोणाचं आहे हे विचारावं, एवढं त्यात नव्हतं. ते मला चंद्रभागाबाईंनी शिकवलं, आणि वर ताटभर आमरस वाढला.