रिंगमधली रिकामी जागा

त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत तुम्ही दोघं नातवंडं आईबरोबर कोपरगावला येणार होतात, म्हणून मी नोव्हेंबरातच मागची खोली धुऊन घेतली. गाद्यांना नवे अभ्रे, खिडकीला डासांची जाळी, उकळलेल्या पाण्याचं वेगळं पिंप. यादी करून दारामागे लावली आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण केली. एकच ओळ उरली: आईची रजा.

ती रजा तुमच्या आईच्या यंत्रावर अडली होती. गोल नळीतून इलेक्ट्रॉनचे पुंजके तासन्‌तास फिरत ठेवायचे, हे तिचं काम. पुंजके वाढवले की त्यांचा झोत डगमगायला लागे आणि नळीवर आपटून संपे. तो स्थिर होईपर्यंत कुणालाच सुट्टी नव्हती.

रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येई. एकदा बोलत असताना दारावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, मागे दोन ट्रॉल्या. कसला आवाज म्हणून तिनं विचारलं, मी सांगितलं.

“आई, कुठली जास्त झुलते गं?”

“मागची.”

“आमचंही तसंच. पुढचा पुंजका नळीत खळबळ सोडून जातो, तिनं मागचा हलतो, मग त्याच्या मागचा. एकटा असता तर सरळ गेला असता.”

माझंही एकटीचं सगळं अगदी सरळ चाललं होतं.

तिनं पाठवलेल्या आकृतीत रिंगमधल्या, म्हणजे त्या गोल नळीतल्या, काही जागा ओळीनं रिकाम्या होत्या. मला ते खटकलं. शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता वर्षानुवर्षं परीक्षेची बैठकव्यवस्था मीच लावली होती. एक बाक वाया जाऊ दिला नाही. मी तिला इंग्रजीत मुद्देसूद ईमेल लिहिली: पुंजके सारख्या अंतरावर बसवा, एकही जागा मोकळी ठेवू नका, म्हणजे झोत डगमगणार नाही.

पुढच्या रविवारी ती हसतच सुटली. “कंट्रोल रूममध्ये वाचून दाखवली तुझी ईमेल. म्हणाले, या बाईंना उद्याच रुजू करून घ्या!” मग तिनं समजावलं, “अगं, ती जागा मुद्दाम सोडतो आम्ही. नळीत थोडी हवा उरतेच. तिचे भारित कण झोताभोवती साचतात आणि त्याला हलवतात. मधे मोकळीक मिळाली की पांगतात. सगळं भरलं तर झोत जास्तच बिघडेल.”

मीही हसले. रजेचं मात्र विचारलं नाही. मला धीर झाला नाही.

सुट्टीच्या आठवडाभर आधी तिनं तिकिटं रद्द केली. झोत स्थिर झाला तो तुमची शाळा पुन्हा उघडली त्या आठवड्यात. ती फोनवर आनंदानं ओरडत होती. मी “शाब्बास” म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी शेजारीण आली. “बाई, मागली खोली मोकळीच हाय न्हवं? आमची सोयाबीनची पोती ठिवू का? घरात पाय ठिवायला जागा न्हाई.”

एरवी मीच पोती नीट रचून घेतली असती.

“नको.”

“कोन येनार हाय व्हय?”

“नाही.”

“मंग?”

मी चहा टाकला. ती पोत्यांचं पुन्हा बोलली नाही.

दर शनिवारी मी ती खोली झाडते. यादी अजून दारामागेच आहे, शेवटच्या ओळीपुढे खूण नसलेली.