आक्का शेजार बघायला जाते

ये गं, अशी जवळ बस. आणि तो फोन ठेव बाजूला. परळला येतेस, भाजी घेतेस आणि वर न येता परस्पर निघून जातेस, कळतं मला सगळं. आक्का असती तर तिने तुला जिन्यातूनच हाताला धरून आणलं असतं.

आक्का म्हणजे आमच्या लालबागच्या चाळीतली माझी शेजारीण. मूळची मालवणकडची. चाळ तिला वाटीवाली म्हणायची, कारण तिच्याकडे गेलेली वाटी कधी रिकामी परत यायची नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालील. "रिकामी वाटी परत करूची नाय गो," म्हणायची. मी त्यावर सोपा उपाय काढला होता. मी वाट्या परतच करत नसे. निम्म्या चाळीची भांडी माझ्या मांडणीवर सुखाने नांदत होती.

मग चाळ पाडायची ठरली. आक्काच्या मुलाने नाशिकला धरणाच्या काठी घर बांधायचं ठरवलं होतं, तो म्हणाला, "आई, इकडेच ये." आक्का म्हणाली, "घर मगे. आधी शेजार बघतंय." आणि काठावरची गावं बघायला मलाच सोबत घेऊन गेली. माझ्या पोटात पाप. मला आक्का हवी होती, भिंतीपलीकडे, जन्मभर. म्हणून मी निघाले ती नाक मुरडायची तयारी करूनच.

द्राक्षबागा बघून म्हटलं, कपडे वाळत घालायच्या तारा नुसत्या. मुलाने हौसेने वाइन चाखायला नेलं, तर एका घोटात "कोकम सरबत नासलंय" असा निकाल दिला, आणि अन्न टाकू नये म्हणून पेला संपवला. मग दुसराही.

आक्का मात्र सरळ कुणाच्याही अंगणात शिरून पाणी मागायची. "पाणी मागल्याशिवाय माणूस कळणा नाय." एका गावात पाणी मिळालं, पुढच्या गावात पाण्याबरोबर गूळ. मी पाण्याला नावं ठेवली, पण तेवढ्यात गूळवालीला माझ्या गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगून झालं होतं. त्यापुढच्या गावात कमल भेटली. "चहा न घेता निघालात? लईच मोठ्या लागून गेलात का?" म्हणून तिने आम्हाला दारातच अडवलं. मग ती आणि मी जे बोलत बसलो, ते मुलगा गाडी घेऊन शोधत येईपर्यंत.

परतताना गाडीत आक्का माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "शेजार ठरलो गो. कमल अगदी तुझ्यासारखी बडबडी आसा."

घ्या. माझ्याच तोंडाने मी आक्का घालवली.

चाळ सोडून जाताना तिने माझी एक वाटी मुद्दाम नेली. "परत करूक येतलंय," म्हणाली. पण तिची तब्येत तिला येऊ देईना आणि माझे गुडघे मला जाऊ देईनात. गेल्या थंडीत आक्का गेली. त्यानंतर एकदा दार वाजलं. उघडते तर कमल, हातात माझी वाटी, काठोकाठ बेदाणे भरलेली. "आक्कांनी बजावलं होतं, रिकामी न्यायची नाही." मी ती वाटी दोन्ही हातांत धरून दारातच उभी. शेवटी तिनेच पाणी मागितलं.

ऊठ आता, उशीर होईल तुला. पण पुढच्या रविवारी ये. गणपतीपासून माझा लाडवांचा डबा तुझ्याकडे आहे, तो घेऊन ये. रिकामा असला तरी चालेल. पण ये.