बंदुकीच्या मापाची चिंधी

नेऱ्याला आमच्या प्लॉटशेजारी एका काकांचं भाताचं शेत आहे. रानडुकरं पळवायला त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरांवर त्यांनी ती कधी रोखली नाही. बांधाच्या मातीत बार काढायचे. शनिवारी पनवेलहून निघताना माझ्या यादीत खिळे, दूध आणि त्यांच्यासाठी एखादी जुनी सुती चादर असायची. शिशाची गोळी नळीत घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती लावायच्या चिंध्या ते त्यातून कापत.

“लहान झाली तर गोळी वाकडी बसते, मोठी झाली तर मधीच अडकते,” असं काका दर वेळी ऐकवत.

बार झाला की डुकरं पळाली का, हे बघायच्या आधी ते बाहेर पडलेली चिंधी शोधायला जात. अख्खी सापडली की मला दाखवून हसत.

यंदा चिंधी एका कडेने फाटलेली मिळाली. दुसरीही तशीच.

“चादर विरलेली होती का?” मी विचारलं.

“चादर बरोबर हाय, ताई. गोळी मधोमध बसत नाय. हात हलतो माझा.”

“मी बसवून देऊ?”

“तुमी बसवाल, पण चालवनार मीच ना? बांधापलीकडं वस्ती हाय.”

त्याच आठवड्यात त्यांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. भात आता डुकरं खाणार, असं मी धरूनच चालले होते. शनिवारी गेले तर काका उरलेल्या चिंध्या शेताभोवतीच्या दोरीला बांधत होते. वाऱ्यावर त्या फडफडत होत्या. एक जरा मोठी निघाली. काकांनी दोरी सोडली, कात्री घेतली आणि ती मापात कापली.