पाइपलाइनला मी विरोध का केला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शुगर असताना चोरून खाल्लेल्या जिलेबीचंही सांगून टाकतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर माणूस असला की माझी जीभ आपोआप चांगलंच बोलायला लागते. सगळी भानगड तिथूनच झाली.

आधी एक सांगून ठेवतो — मी मजेत आहे. निवृत्त मास्तर आहे, शहरात पडेगावला छोटं घर आहे, पेन्शन वेळेवर येते. शनिवारी कन्नडची एसटी पकडून गावी शेतातल्या जुन्या घरी जातो, अद्रकीच्या वावरात फिरतो, रविवारी परत येतो. गावात शिरलो की पारावरची मंडळी उठून नमस्कार करतात. पाइपलाइन अडवणारे सर, असं पाहुण्यांना सांगतात. मला ते आवडतं. कुणाला नाही आवडणार?

तेलाची पाइपलाइन आमच्या तालुक्यातून जायची होती. जमिनीखालून नळ, वर पीक घ्यायला मोकळीक, पण त्या पट्ट्यात विहीर नाही, झाड नाही, घर नाही. तेव्हा कन्नडच्या स्टँडवर चहा पिणाऱ्यांच्यासुद्धा दोन पार्ट्या झाल्या होत्या. वेल्डिंग शिकलेली पोरं, टेम्पोवाले, धाबेवाले म्हणायचे, इथंच कामं येतील, वाळूजच्या कारखान्यांकडं जाऊन खोल्या करून राहायला नको. शेतकरी म्हणायचे, गळती होऊन तेल विहिरीत उतरलं तर जनावरांना काय पाजायचं? दोघांचंही खोटं नव्हतं. शेवटी योजना रद्द झाली, तरी वाद चालूच आहे — तालुका वाचला की बुडाला? मलाही विचारतात. मी गंभीर चेहरा करून उत्तर देतो.

पण माझं शेत त्या मार्गावर नव्हतंच. वीतभरसुद्धा नाही. मार्गावर होतं ते रंगनाथदादाचं, माझ्या थोरल्या चुलतभावाचं.

आमची जमीन एकाच आज्याची. वाटणीला चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा रस्त्याकडचा तुकडा माझ्या वडलांना आला आणि ओढ्याकडचा चुलत्यांना. दादाचं घर, गोठा, सगळं तिकडं आत. तिथून बाहेर पडायचं तर आमच्याच बांधावरून. वडलांनी कधी अडवलं नाही. फक्त दंडक एक — गाडी न्यायची तर दर वेळी घरी येऊन विचारायचं. न विचारता कुणी वर्षानुवर्षं जात राहिलं की ती वहिवाट होते, मग तो हक्क सांगतो. या एका गोष्टीपायी आमच्याकडं सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे झालेत. वडील मला बजावायचे, "वाट द्यायची, पण इचारल्याबिगर नाय."

वडील गेले आणि विचारलं जाण्याचा मान माझ्याकडे आला. दादानं मला पोहायला शिकवलं, शाळेत माझ्या वाटणीची मारामारी केली. तोच दादा माझ्या दारात येतो, चपला काढतो, पाणी पितो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि मग जरा खाली बघत म्हणतो, "इठ्ठल, उद्याच्याला ट्रॅक्टर न्यावा म्हंतो. जाऊ ना?" मी म्हणतो, "जा की दादा, विचारायचं काय त्यात."

काय सांगू तुम्हाला — ते म्हणताना मला फार बरं वाटतं. हेडमास्तर झालो तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

तर त्या पाइपलाइनचं एक ठाणं दादाच्या शेताच्या कोपऱ्यात यायचं होतं. काही बिघडलं तर तेल तिथं बंद करायचं. त्यांच्या गाड्यांसाठी पलीकडून, ओढ्यावर पूल टाकून, पक्का रस्ता होणार होता — आणि तो दादालाही वापरता येणार होता. दादा पळतच सांगायला आला. "आता तुला तरास नाय बाबा, आपला रस्ता व्हतोय." त्याच्या सचिनला तेव्हा सोयरिकी येत होत्या, पण मुलीकडचे बांधावरचा चिखल बघून तिथूनच परत फिरायचे. रस्ता झाला असता तर सून घरात आली असती, लेक घरी राहिला असता. दादाला एवढंच पाहिजे होतं.

मी म्हणालो, छान झालं. चहा पाजला. आणि तो गेल्यावर माझ्या मनात काय आलं माहीत आहे? — हा आता कशाला येईल माझ्या दारात?

तोवर मी पाइपलाइनबद्दल एक शब्द बोललो नव्हतो. त्या आठवड्यात मात्र मला काळ्या मातीची भलतीच काळजी वाटायला लागली.

जनसुनावणीला मांडव भरला होता. मी माइक घेतला. माती, विहिरी, पुढच्या पिढ्या — काय बोललो म्हणता! मास्तरकीतली सगळी वर्षं पणाला लावली. बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर आजवर मला कुणी पकडू शकलं नाही. दादा पुढं बसला होता, संमती द्यायला आला होता. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आमचा इठ्ठल शिकलेलाय. तो नाय म्हंतो तर माझं बी नाय." त्याच्यामागून एकेक जण नाही म्हणत गेला.

योजना आमच्यामुळंच रद्द झाली की वर कुठं त्यांचाच काही हिशेब चुकला, देव जाणे. शाल-श्रीफळ मला मिळालं. मी घेतलं.

कुणाचं वाटोळं झालं म्हणावं, तर तसंही नाही. सचिननं वाळूजकडं बजाजनगरला खोली केली, कंपनीत लागला, लग्नही तिकडंच जमलं. सून गुणाची आहे, नात गोड आहे. सणाला येतात, गाडी माझ्या दारात लावतात आणि सामान डोक्यावर घेऊन बांधावरून चालत जातात. बाकी दिवस दादा आणि वहिनी दोघंच तिथं. दादा मला म्हणतो, "तू व्हता म्हणून वावर वाचलं." तेही मी ऐकून घेतो.

तुम्ही म्हणाल, मग आता दे की कायमची वाट. बांध तर तुझाच आहे. मागल्या दिवाळीत सचिनही हेच म्हणाला — काका, गाडी घरापर्यंत गेली तर आम्ही दर सुट्टीला येऊ, पोरगी आजीजवळ राहील. अद्रकीचे दोन वाफे गेले असते, त्याहून जास्त काही नाही. मी म्हणालो, बघू.

गेल्या शनिवारी दादा आला होता. गुडघ्यानं आता धड चालवत नाही, तरी आला. पावसाचं बोलला, खाली बघितलं, विचारलं. मी म्हणालो, जा की दादा. आणि तो लंगडत वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहिलो. मी खूश होतो.

वाट अजून दिलेली नाही. देईन, असंही इथं लिहीत नाही.