त्याच्या उंचीची बाई

अंधार. घंटा वाजून गेलेली. डाव्या विंगेत दोरी करकरते आणि जाड तांबडा पडदा सावकाश वर जाऊ लागतो. प्रेक्षकांना आधी आमची पावलं दिसतात, मग गुडघे, मग हात, शेवटी तोंडं. रंगमंचावरून आम्हाला मात्र वेगळंच काही दिसायचं. विंगेतल्या अंधारात, चारचौघांचं डोकं असतं त्या जागी शर्टाचं तिसरं बटण, आणि दोरी एकेका हिसक्यात खाली आणणारे दोन अजस्र हात. तोंड पाहायचं तर मान वर करावी लागे. प्रवेशाआधी कोण मान वर करणार? त्यामुळे पंधरा वर्षं मी त्या माणसाबरोबर काम केलं ते बहुतेक त्याच्या बटणाशी बोलत.

सगळे त्याला शिडीराव म्हणत. नाटकगृहात एक लाकडी शिडी होती, पण तो आल्यापासून ती कुणी भिंतीवरून काढली नाही. दिवा बदलायचा, वरची गाठ सोडवायची, की शिडीरावांना हाक मारायची. उंची सात फूट दोन इंच. नवे नट हमखास विचारत, वरचं हवामान काय म्हणतंय. तो दर वेळी तितक्याच गंभीरपणे सांगे, "वारं आहे. पण तुमचं काय, तुमच्यापर्यंत पोचायचं नाही."

आई-वडील लवकर गेले. बारा वर्षांनी मोठ्या बहिणीनं, आक्कानं, त्याला वाढवलं. घरी शिलाई करून. आक्का जेमतेम पाच फुटांची. आई-वडीलही बेताच्याच उंचीचे होते. आठव्या वर्षापासून हा जो वाढायला लागला तो पंचविशीपर्यंत थांबला नाही. लोक म्हणत, खाल्लेलं अंगी लागतं. आक्का पलंगाच्या पायथ्याशी ट्रंक लावून पलंग लांब करी आणि विजारीला खाली पट्टी जोडत राही.

उंची थांबली. पट्ट्या थांबल्या. पण कपडे अंगाला घट्ट होतच राहिले. आक्का म्हणायची, हल्लीचं कापड आटतं. बूट लागले की तो चांभाराच्या नावानं बोटं मोडी. करंगळीतली अंगठी निघेना, तर उन्हाळ्यानं बोटं सुजली. आणि मुखवटा बसेना तेव्हा आमच्या मुखवटेकाकांनी दोष घेतला स्वतःच्या, कागद चिकटवायच्या खळीवर.

हे सांगायला हवं. मुलांच्या नाटकात राक्षस लागला की शिडीरावच उभा राही. काका आधी त्याच्या तोंडावर ओलं प्लास्टर थापून साचा घेत, साच्यातून त्याचा पांढरा चेहरा काढत, आणि त्या चेहऱ्यावर कागदाचे थर चिकटवून मुखवटा करत. दर दोन वर्षांनी जुना मुखवटा त्याला कपाळावर टोचायला लागे. काका म्हणत, कागद वाळताना आटतो. आणि नवा साचा घेत. इतक्या जणांनी इतकी वर्षं इतक्या वस्तूंना आटवलं. माणूस वाढतोय हे कुणाच्या मनात आलं नाही. पस्तिशीच्या घरातला माणूस कुठे वाढतो?

त्याच सुमारास तो एकदा मला म्हणाला, "बाई, या विंगेत माणसं येत नाहीत. उगवतात."

नाटकगृह म्हटलं की भुताच्या गप्पा आल्याच. पण हा गप्पा मारणारा नव्हता. म्हणाला, आधी कुणी नसतं आणि मग एकदम नाकासमोर असतं. पावलं वाजतात, माणूस नाही. मग माणूस आहे, आणि तो म्हणतो मी कधीचा इथेच आहे. आमच्यातल्या एका मुलीनं त्या दिवसापासून डाव्या विंगेतून प्रवेश घ्यायचं सोडलं.

मी हसण्यावारी नेलं. मग एका संध्याकाळी मी पांढरा झगा घालून प्रवेशाची वाट पाहत त्याच्या उजव्या हाताला उभी होते. हातभर अंतरावर. माझ्या झग्याला रंगमंचाचा उजेड लागत होता. तो समोर पाहत हलकेच, स्वतःशीच म्हणाला, "आज बाई कुठे राहिल्या?"

क्षणभर मला वाटलं, मीच नाही. मी त्याच्या कोपराला हात लावला तर तो इतका दचकला की दोरी सुटता सुटता राहिली.

त्यानंतर आठवड्याभरात नाटकाच्या शेवटी मी मरून पडले आणि पडदा आलाच नाही. शेजारच्या विंगेतून व्यवस्थापक हात हलवून हलवून दमला. टाळ्या पडल्या, थांबल्या, कुणीतरी खोकलं, मी श्वास धरून प्रेत झाले होते. शेवटी प्रेतालाच उठून चालत आत जावं लागलं. लोकांनी त्या रात्री दुप्पट टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापकानं शिडीरावाला सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर दुसरा माणूस बघावा लागेल.

मी त्याला मागच्या खोक्यावर बसवून विचारलं की तुला दिसत नाही का. बसल्यावर तो माझ्या उंचीचा होई.

"दिसतं," तो म्हणाला. "पण मी मान वळवत नाही. वळवली की ती जाते."

कोण ती, मी विचारलं.

"एक बाई आहे. उजवीकडे, अगदी कडेला. करड्या कपड्यातली. बोलत नाही. उभी असते."

या नाटकगृहात मेलेल्या कुणा नटीची गोष्ट मला ठाऊक नव्हती. घाबरतोस का तिला, असं मी विचारलं. तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मला काहीच कळलं नव्हतं.

"बाई, ती माझ्याएवढी आहे. मान वर करून बघत नाही माझ्याकडे. समोर बघते."

आम्ही त्याला नाकासमोर चालणारा माणूस म्हणून नावाजत होतो. तो बापडा मान वळवत नव्हता ते या बाईला जपण्यासाठी.

उलगडा झाला तो मुखवट्यामुळे. नवं नाटक बसत होतं, आणि सहा महिन्यांपूर्वी केलेला मुखवटा त्याला पुन्हा बसेना. काका वैतागले. खळ बिघडली हे सिद्ध करायला त्यांनी फडताळातून त्याच मुखवट्याचा प्लास्टरचा चेहरा काढला आणि वर मुखवटा ठेवला. तो कातडीसारखा बसला. कुठेही फट नाही. काकांनी तो काढला, पुन्हा ठेवला. मग त्यांनी बाकीचे चेहरेही खाली उतरवले आणि टेबलावर ओळीनं मांडले. एकूण आठ.

दुपार होती. छताच्या काचेतून ऊन सरळ त्या चेहऱ्यांवर पडलं होतं. मिटलेल्या डोळ्यांचे आठ पांढरे चेहरे. पहिला एकोणीस वर्षांच्या मुलाचा, देखणा म्हणावा असा. पुढच्याची हनुवटी जराशी लांब. त्याच्या पुढच्याचं नाक जाड, मग ओठ, मग भुवयांची हाडं पुढे आलेली. शेजारच्या दोघांत फरक सापडू नये, आणि पहिल्या-शेवटच्यांत नातंही दिसू नये. कुणीतरी दुसराच माणूस त्याच्या आत शिरून, दर वर्षी थोडा थोडा, बाहेर तोंड काढत होता.

शिडीराव त्या ओळीवरून बोट फिरवत गेला आणि परत पहिल्यापाशी आला.

"हा बरा होता," म्हणाला.

आक्का आणि मी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. पहिला आणि आठवा चेहरा टॉवेलात गुंडाळून पिशवीत घेतला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आई-वडिलांची उंची विचारली, बोटं आणि मनगटं पाहिली. काही घराणी उंचच असतात, त्यात आजार नसतो, म्हणाल्या. काहींची हाडं लांब, सडपातळ असतात आणि त्यांच्या हृदयाजवळची नळी जपावी लागते. हे त्यातलं नाही. मग आम्ही पिशवी उघडली. ते दोन चेहरे त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि मग त्याच्यासमोर बसून त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले, बोटं हलवायला लागल्या.

माझ्या नाकाकडे बघा, म्हणाल्या, आणि बोटं दिसली की सांगा.

हात हळूहळू जवळ येत गेले. खांद्यांच्या रेषेत आले, कानांच्या, गालांच्या. बोटं हलत होती. तो शांतपणे समोर पाहत होता. आक्कानं माझा हात घट्ट धरला. बोटं जवळजवळ त्यांच्या स्वतःच्या नाकाला लागली तेव्हा तो म्हणाला, "हां, दिसली."

मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. वाढायचं कधी आणि थांबायचं कधी, ते ती ठरवते. त्याच्या त्या ग्रंथीवर लहानपणीच गाठ आली होती आणि ती थांबायचं सांगतच नव्हती. हाडांची टोकं जुळेपर्यंत उंची वाढली. जुळल्यावर हात, पाय, जबडा, आतलं काळीज. आता गाठ मोठी होऊन दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाबत होती. त्यामुळे नजरेच्या कडा आधी जातात. नाकातून शस्त्रक्रिया करून ती काढता येईल. नाही काढली तर वर्ष-दोन वर्षांत पूर्ण अंधार.

त्यानं त्या बाईचं विचारलं. स्वतःहून, सगळ्यांसमोर. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, नजरेची जागा रिकामी झाली की मेंदू तिथे आपल्या मनानं चित्र काढतो. बऱ्याच जणांना होतं. नजर परत आली की चित्र जातं.

"म्हणजे ती माझ्याच डोक्यातली."

हो, त्या म्हणाल्या.

"म्हणूनच उंची जुळते," तो म्हणाला आणि उठून, दाराखाली वाकून, बाहेर गेला.

शस्त्रक्रिया नको म्हणाला. तीन आठवडे काकांनी समजावलं, मी समजावलं, माझ्या गाजलेल्या स्वगतांत घातली नव्हती एवढी ताकद मी त्यात घातली. तो म्हणे, बाई, तुम्हाला सगळं जग डोळ्याला डोळा देऊन बघतं. तुम्हाला नाही कळायचं. आणि त्याचं खोटं नव्हतं.

शेवटी आक्का बोलली. शिवणयंत्रावर कापड ओढता ओढता, मान वर न करता. "तू आंधळा होऊन कुठे पडलास तर मला तुला उचलता येणार नाही रे. दोघं तिथेच बसून राहू."

दुसऱ्या दिवशी त्यानं सही केली.

जाण्याआधीच्या दुपारी तो विंगेत जाऊन उभा राहिला. रिकाम्या रंगमंचाकडे तोंड करून, मान न हलवता. मी मागे होते. दोरी स्थिर होती, वारा नव्हता. तरी त्याच्या उजव्या बाजूच्या फळीवर वजन पडल्यासारखा बारीक आवाज झाला, असं मला आजही वाटतं. लाकूड जुनं होतं, म्हणा.

गाठ निघाली. नजर पुष्कळशी परत आली. सूज उतरली, अंगठी निघाली. हाडं मात्र जी वाढली ती वाढली. विंगेत पुन्हा सगळे येत होते, उगवत नव्हते. ती गेली का, हे मी कधी विचारलं नाही. तो मान मोकळेपणी दोन्हीकडे वळवायचा, यातच उत्तर होतं. आणखी नऊ वर्षं त्यानं पडदा ओढला. मग गुडघे बसले, आणि वाढलेलं काळीज थकायला लागलं.

शेवटचं भेटले ते त्याच्या घरी. तासभर बसलो, हसलो. निघाले तर तो चौकट धरून मला पोचवायला उठला. आणि म्हणाला, बाई, एक करा. तो घरात नसताना वरचे डबे काढायला आक्कानं एक उंच स्टूल ठेवलं होतं. ते त्यानं माझ्यासमोर आणलं, कोपराला धरून मला वर चढवलं.

त्याचा चेहरा मी समोरून, उभ्यानं, कधी पाहिलाच नव्हता. डोळे तपकिरी होते. तो माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मला आयुष्यात प्रथमच काय करायचं ते सुचलं नाही, म्हणून मीही पाहत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग त्याची नजर किंचित सरकली, माझ्या खांद्यावरून मागे, माझ्याच उंचीवर, आणि तिथे थांबली. मी मागे वळले नाही.

त्यानंतर अकराव्या दिवशी तो झोपेत गेला. त्यामुळे मला तो शेवटचं म्हणाला ते एवढंच:

"बरं वाटलं. उतरा आता बाई, पडाल."