पुसण्याआधी विचारणारी डिस्क

अन्याय सुहासवर झाला. अनंत चतुर्दशीला रात्रभर मिलांच्या झांक्या, रोषणाईचे चित्ररथ, निघाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अर्धं इंदूर झोपेत असताना. मिल कामगारांच्या प्रशिक्षण केंद्रातले सगळे कॉम्प्युटर त्या सकाळी कोरे झाले, आणि दुपारपर्यंत दारावर नोटीस लागली की हे सुहासच्या डिस्कमुळे झालं. गेल्या महिन्यात सुहास काविळीने गेला. त्याच्या तिरडीमागेसुद्धा लोक त्या नोटिशीबद्दल कुजबुजत होते. मी ऐकलं. म्हणून लिहिते आहे, आणि गोड लिहिणार नाही.

सुहासचे वडील विणकर. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं, पेपरात नव्या अर्थव्यवस्थेचे गोडवे छापून आले, आणि कामगारांच्या वाट्याला आला एक कॉम्प्युटर कोर्स. सर्टिफिकेट मिळवा, सांवेर रोडच्या एखाद्या गोदामात चिकटा. मशीनं कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेली. त्यांच्यावर सिस्टिम चढवायचं काम सुहासकडे. गेलेला माणूस नम्र होता असं लिहायची पद्धत आहे. सुहास नव्हता. इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा, तोंडात टोमणा. मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते, ती वाचून म्हणायचा, "अगं बाई, प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह? वाचणाऱ्याला दम तर घेऊ दे यार!"

सिस्टिमची मूळ डिस्क त्या म्हाताऱ्या मशीनांवर अडखळायची. नेटवर्क कार्ड ओळखायची नाही, खेळ आणि सजावटीनेच जागा भरून टाकायची. म्हणून त्याने आपली डिस्क बनवली. नको ते काढलं, हवे ते ड्रायव्हर घातले, हिंदीचा फॉन्ट घातला. पण मूळ डिस्कला हात लावायचा नाही, काम नकलेवरच. एका वेळी एकच बदल. आणि तयार डिस्क आधी एकाच मशीनवर चालवायची, सगळ्यात रडक्या. हे त्याने वडिलांकडून उचललेलं... मिलमध्ये नवा नमुना आधी एका मागावर चढायचा, कापड नीट उतरलं तरच बाकीच्यांवर. एकदा घाईत त्याने काही फाइली फालतू समजून एकदम उडवल्या. सिस्टिम चालली, प्रिंटर मुका झाला. वडील त्याच वर्गात शिकत होते. म्हणाले, "काय साहेब, ताण्याचा धागा तोडलात ना? शोधा आता कुठून तुटला ते!" सगळा वर्ग हसला, आणि सुहासने मूळ डिस्कपासून पुन्हा सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र त्याने मुद्दाम ठेवली होती. सिस्टिम चढवण्याआधी डिस्क थांबायची आणि विचारायची, यावरचं सगळं पुसू का? केंद्राच्या मॅनेजरला तेच खुपायचं. भोपाळहून पाहणीला कुणी येणार होतं, सगळी मशीनं चकाचक दिसायला हवी होती.

"सुहासजी, ये बार-बार पूछती क्यों है? डिस्क डालो, चाय पीकर आओ, काम खतम. ऐसी बनाओ ना."

"बनवतो की. पण ती कोऱ्या मशीनसाठी. इथे लोकांचं काम आहे, पुसण्याआधी विचारणारच."

"कैसा काम? बूढ़े टाइपिंग सीख रहे हैं."

सुहासचे कान लाल झाले. "मिलही अशीच बंद केली. विचारलं होतं कुणाला?"

मी तिथेच उभी होते.

मॅनेजरने बाहेरच्या कुणाकडून सुहासच्या डिस्कची नक्कल करवली आणि त्यातला तो प्रश्न काढून घेतला. एका मशीनवरसुद्धा तपासून पाहिलं नाही. त्या सकाळी सुहास केंद्रात नव्हताच. वडिलांबरोबर त्यांच्या बंद मिलच्या झांकीचा सांगाडा उतरवायला गेला होता. मॅनेजरने स्वतःच्या हाताने एकेका मशीनमध्ये डिस्क घातली. परीक्षेसाठी कामगारांनी एका बोटाने टाइप करून उभं केलेलं सगळं काम गेलं. परीक्षा बुडाली, सर्टिफिकेटं लटकली, ठरलेल्या नोकऱ्या हुकल्या. राग कुणावर तरी निघणारच होता, आणि नोटिशीने नाव हातात दिलं.

सुहासला काढलं. राजवाड्याजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत काम मागायला गेला, तिथेही "तूच ना तो डिस्कवाला?" म्हणून परत पाठवलं. झांकी बघून थेट वर्गात आलेल्या एका काकांनी मला खरं काय ते हळूच सांगितलं, वर म्हणाले, "माझं नाव घेऊ नको हं." मी पत्रकं वाटली. सुहास म्हणाला, "रहने दे. तू कितीही ओरड, पाहिलं त्यांनी आहे. त्यांच्यातला एक बोलला तरी पुरे." अंथरुणाला खिळल्यावरही दार वाजलं की मान उचलायचा... कुणी आलं नाही.

परवा मी केंद्रात गेले होते. नोटीस अजून आहे. आणि नव्या बॅचच्या मशीनांवर चालते ती सुहासचीच डिस्क, विचारून पुसणारी. ती नक्कल तोंडावर आपटल्यावर मॅनेजरने निमूट हीच पुन्हा वापरायला काढली. फक्त वरचं सुहासचं नाव मार्करने खोडलंय.

त्या सकाळच्या बॅचमधल्या काका-मावश्यांनो, तुम्ही हे वाचता आहात, मला ठाऊक आहे. डिस्क कुणाच्या हातात होती ते तुम्ही खुर्चीवर बसून पाहिलंत. सर्टिफिकेट अडकेल म्हणून गप्प राहिलात; ती भीती मला कळते, माफ मात्र करता येत नाही. सोमवारी केंद्र उघडलं की आत जा. मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहा. सगळ्यांदेखत म्हणा, "डिस्क तुम्ही घातली होती, साहेब." आणि बाहेर पडताना ती नोटीस स्वतःच्या हाताने फाडा.