रिंगची बाजू

मानपाड्याच्या त्या टायरवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. लिलावात घेतलेल्या जुन्या लष्करी ट्रकचं चाक त्याच्याकडे नेलेलं. टायर धरून ठेवणारी लोखंडी रिंग नीट बसली नाही, तर हवा भरताना ती उडते आणि समोरच्याचा जीव घेते. म्हणून त्याने चाक साखळीने बांधलं, रिंगची बाजू भिंतीकडे केली आणि आडोशाला बसून, डोळे मिटून हवा भरू लागला. मध्येच ‘टक्’ वाजलं. त्याने लगेच सगळी हवा सोडली.

“तिसऱ्यांदा? उरका ना लवकर,” मी वैतागलो.

त्याने भिंतीकडे बोट केलं. छातीच्या उंचीवर खोल, वाकडी खाच होती.

“तिथे माझे उस्ताद उभे होते, साहेब. त्या दिवशीपण गिऱ्हाईकाला घाई होती.”

त्याने पुन्हा डोळे मिटले. या खेपेला मीही श्वास रोखून ऐकू लागलो.